वाफेवर उघडलेले पाकीट

ऋजुता म्हणजे सरळपणा, असा अर्थ कोशात मिळतो. तो खोटा नाही, परंतु तेवढ्याने त्या गुणाची ओळख पटत नाही. जो कधी चुकलाच नाही त्याच्या सरळपणाला परीक्षा ती कसली? आपण मायेने, कष्टाने, सारे कसब पणाला लावून केलेली गोष्टच दुसऱ्याच्या अपायाला कारण झाली, हे कळल्या क्षणी माणूस काय करतो, तिथे या गुणाचा कस लागतो. बहुतेक जण अशा वेळी आपल्या हेतूच्या आडोशाला जाऊन उभे राहतात. ‘मी तर चांगल्यासाठीच केले होते,’ या वाक्याची सावली मोठी गार असते, आणि तिच्यात जन्मभर बसता येते. ज्याला तो आडोसा दिसलाच नाही असा एक मनुष्य मी पाहिला. त्यांची आठवण लिहून ठेवावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

आमच्या गल्लीत त्यांना लहानथोर सगळे पुठ्ठेकाका म्हणत. पुस्तके बांधण्याचा त्यांचा व्यवसाय. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली; रुंदीला बेताची, पण खोल. दारातून आत गेले की डाव्या हाताला लोखंडी दाबयंत्र, त्याच्या चाकाचा मधला भाग हात लागून लागून आरशासारखा झालेला. समोर लांब मेज, त्यावर दाभण, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळे आणि पुठ्ठे चिकटवायच्या खळीचे पातेले. खळीचा किंचित आंबूस वास त्या खोलीला कायमचा चिकटला होता; त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणत, “यांच्या सदऱ्याला बटणं नसली तरी चालेल, खळीनेच बंद होतो.” भिंतीवर एका खिळ्याला सुताराकडचा जुना गुण्या टांगलेला असे. काटकोन तपासायचे ते साधन. पुस्तकाचाच नव्हे, तर कुणी मेजावर ठेवलेल्या वर्तमानपत्राचा, खिडकीच्या गजांचा, फार काय ताटातल्या पोळीच्या घडीचाही कोपरा ते नजरेने तपासत. वाकडे दिसले की त्यांचा हात आपोआप पुढे होई. हा हातच पुढे गोत्यात आला.

माझी कित्येक जीर्ण पुस्तके त्यांनी जगवली. मी गिऱ्हाईक, आणि भिंतीला भिंत लागून शेजारी. पुढची हकीकत मला काही त्यांच्याकडून, काही त्यांच्या सुनेकडून, आणि सर्वांत चविष्ट भाग काकूंकडून कळलेला आहे.

पुठ्ठेकाकांचे स्वतःचे शिक्षण शाळेतच खुंटले. आयुष्यभर त्यांनी इतरांचे ज्ञान शिवले. पाने चुकू नयेत इतपतच ते वाचत. त्याहून अधिक वाचण्याची सवड मिळाली नाही, याची खंत ते बोलून दाखवत नसत. मुलगा दूरच्या एका धरणाच्या कामावर होता आणि महिन्याकाठी एकदा घरी येई. त्याचे लग्न ठरले तेव्हा मुलगी गणित घेऊन महाविद्यालयात शिकत होती. दोन वर्षे झाली होती, शेवटचे एक उरले होते. मुलीच्या वडिलांना त्या उरलेल्या वर्षाचीच काळजी. लग्नाच्या बोलण्यात त्यांनी तो विषय चाचरत काढला, तेव्हा पुठ्ठेकाकांनी त्यांचे वाक्यही पुरे होऊ दिले नाही. “तुमच्या मुलीचं शिक्षण माझ्या घरात अडणार नाही,” ते म्हणाले. “पुस्तक अर्धं शिवून मी कुणाला दिलेलं नाही.”

सूनबाई घरी आल्या आणि थोड्याच महिन्यांनी आमच्या गावातल्या महाविद्यालयाचे प्रवेश सुरू झाले. एका विद्यापीठातून दुसऱ्यात, मधूनच, थेट शेवटच्या वर्षाला जायचे म्हणजे केवळ अर्ज भरून भागत नाही. आधीच्या महाविद्यालयाने कोणते विषय शिकवले, किती गुण दिले, याचा अधिकृत उतारा लागतो. तो मोहोरबंद पाकिटात यावा लागतो आणि ते पाकीट नव्या महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यानेच उघडावे लागते. तसे झाले नाही तर उताऱ्याला किंमत नाही. उतारा नाही तर आधीची दोन वर्षे नाहीत. पुन्हा पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा. सूनबाईंनी लग्नापूर्वीच तो उतारा मागवून ठेवला होता. पाकीट, जुन्या गुणपत्रिका, शाळेपासूनची प्रमाणपत्रे, सगळे एका पिशवीत घालून त्यांनी कपाटात ठेवले होते.

एकदा जेवताना त्या सहज बोलून गेल्या, “कागद सगळे सुटे सुटे आहेत. एखादा गहाळ झाला तर पंचाईत व्हायची.”

पुठ्ठेकाकांचा घास हातातच राहिला, असे काकू सांगत.

दुसऱ्या दिवशी सूनबाई दोन दिवसांसाठी माहेरी गेल्या. त्या परतल्या तेव्हा मेजावर, खोलीच्या मधोमध, एक ग्रंथ ठेवलेला होता. गडद निळ्या कापडाची बांधणी, कण्याला आणि कोपऱ्यांना चामडे, आणि कण्यावर सोनेरी वर्खात सुनेचे नाव. तेही लग्नापूर्वीचे, कारण ‘कागदांवर जे नाव तेच ग्रंथावर, त्यात आपण हात घालायचा नाही,’ हा त्यांच्या धंद्याचा नेम. आत प्रत्येक सुटा कागद पातळ कापडाच्या एकेका पट्टीला चिकटवून, त्या पट्ट्या शिवून घेतल्या होत्या, म्हणजे कागदाला टोचा लागत नाही. शेवटी काही पट्ट्या मोकळ्या सोडल्या होत्या.

“या कशाला, मामंजी?” तिने विचारले.

“अगं, पुढचे कागद यायचेत ना. या वर्षीची गुणपत्रिका, मग पदवी, मग त्याच्या पुढचं काय असेल ते. जागा आत्ताच ठेवली नाही तर पुस्तक फुगतं.”

हे ऐकून तिचे डोळे भरून आले. पाने उलटता उलटता ती एका पानाशी थांबली. अधिकृत उतारा तिथे होता. सपाट, सुबक, पट्टीला चिकटलेला. आणि ग्रंथाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला, कागदपत्रे ठेवायच्या खिशासारखे, ते मोहोरेचे पाकीट लावलेले होते. मोहोर शाबूत होती. पाकीट रिकामे होते.

“जरासुद्धा फाटू दिलं नाही,” पुठ्ठेकाका सांगत होते. “पातेल्याच्या वाफेवर धरलं, डिंक आपोआप सुटला. आत कागदाला तीन घड्या! इतका महत्त्वाचा कागद आणि तीन घड्या घालून कोंबलेला. दाबयंत्रात रात्रभर ठेवला तेव्हा कुठं माणसात आला.”

सूनबाईंच्या डोळ्यांतले पाणी खाली ओघळले. सासऱ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला, आणि तिनेही तो तसाच राहू दिला. “फार सुंदर झालंय, मामंजी,” ती म्हणाली. पुढे कितीतरी वर्षांनी तिने मला सांगितले की ते वाक्य तोंडदेखले नव्हते. कुणी आपल्या आयुष्याचे कागद इतक्या आदराने हाताळले आहेत, हे तिने प्रथमच पाहिले होते. एकाच वेळी तिचे वर्ष तिच्या डोळ्यांपुढे बुडत होते आणि तिला कृतज्ञ वाटत होते. दोन्ही खरे होते.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच ग्रंथ घेऊन महाविद्यालयात गेली. प्रवेशाच्या खिडकीतले कारकून वयस्क आणि मुळात सौजन्यशील होते. त्यांनी ग्रंथ उघडला, मिटला, चष्मा पुसला आणि पुन्हा उघडला.

“हे काय आहे, ताई?”

“माझे कागद.”

“ते दिसतंय हो. हे पाकीट कुणी उघडलं? फाडलं असतं तर चुकून झालं असं तरी म्हटलं असतं. पण मोहोर जशीच्या तशी, आणि आतला कागद बाहेर! हे कुणा कसबी माणसाचं काम आहे.” त्यांनी आवाज खाली आणला. “तुमच्यावर संशय नाही माझा. पण हे मी पुढं पाठवलं ना, तर तुमच्यासकट मलाही घरी पाठवतील. जुन्या महाविद्यालयाकडून नवं पाकीट आणा. आठवड्याअखेर खिडकी बंद होते, त्याच्या आत.”

घरी आल्यावर तिने सासूला सांगितले आणि वर विनवले, “मामंजींना नका सांगू. त्यांना फार लागेल.” काकू ‘हो’ म्हणाल्या आणि उठून थेट दुकानात गेल्या. त्यांचे वाक्य गल्लीत पुढे पुष्कळ दिवस फिरत होते.

“अहो, ऐकलंत का! तुम्ही सुनेचं वर्षच बांधून टाकलंत!”

सगळे कळल्यावर पुठ्ठेकाका बराच वेळ दाबयंत्राच्या चाकावर हात ठेवून उभे होते. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला नाही, की ‘मला कुणी सांगितलं का नाही’ असे विचारले नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात सूचना छापलेली होती, ती त्यांनी आता चष्मा लावून वाचली. मग आत येऊन सुनेपुढे उभे राहिले.

“हे लिहिलेलं होतं,” ते म्हणाले. “मी कागद बघितला, अक्षर बघितलंच नाही. उद्या सकाळच्या पहिल्या बसनं आपण तुझ्या जुन्या महाविद्यालयात जाऊ.”

“मामंजी, ते लोक पंधरा पंधरा दिवस लावतात.”

“लावू देत. आपण आधी जाऊन उभे तर राहू.”

“आणि दुकान?”

“दुकान बंद.”

काकूंनी दारातूनच म्हटले, “माझ्या भावाच्या लग्नाला अर्धा दिवस बंद ठेवलं नव्हतं हो, या माणसानं!” पण बोलता बोलता त्या डब्यात वाटेचे खाणे भरत होत्या.

बसचा प्रवास लांबचा होता. ग्रंथ वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठेकाकांच्या मांडीवर. वाटेत सुनेने त्यांना पढवून ठेवले: “तिथं जास्त काही सांगू नका. पाकीट चुकून उघडलं गेलं, एवढंच म्हणायचं.” ते मान डोलावत राहिले.

जुन्या महाविद्यालयाचे कार्यालय अरुंद होते. बाकावर माणसे दाटीने बसलेली, वर पंखा घरघरत फिरत होता. खिडकीत एक प्रौढ बाई होत्या. केसांत पेन्सिल खोचलेली, आणि चेहऱ्यावर सकाळपासून लोकांना ‘उद्या या’ सांगून आलेला थकवा. सूनबाईंनी सांगायला सुरुवात केली, “पाकीट चुकून उघडलं...”

“चुकून नाही,” पुठ्ठेकाका मध्येच म्हणाले. “मी उघडलं. मुद्दाम. वाफेवर.”

सुनेने त्यांचे कोपर दाबले. उपयोग झाला नाही. त्यांनी वर्तमानपत्र सोडून ग्रंथ खिडकीच्या फळीवर ठेवला आणि बाईंपुढे सरळ केला.

बाईंनी पहिले पान उलटले, मग दुसरे. मग त्यांना जे हसू फुटले ते आवरेना. केसांतली पेन्सिल खाली पडली. “अगं बाई, इकडे या गं सगळ्या! आपल्या उताऱ्याला सोन्याची अक्षरं लागलीत!” आतल्या दोन-तीन जणी धावत आल्या. एकीने कण्यावरून बोट फिरवले. एक म्हणाली, “माझं लग्नाचं प्रमाणपत्र द्या हो यांना, घरी कुणी विचारत नाही त्याला.” हसणे ओसरल्यावर ग्रंथ तसाच उघडा ठेवून खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “इतकी वर्षं इथं बसून हे कागद देतेय. पुढं त्यांचं काय होतं, ते आज पहिल्यांदा बघितलं.” आणि त्या ग्रंथ घेऊन आत अधिकाऱ्यांकडे गेल्या.

अधिकारी गंभीर वृत्तीचे गृहस्थ होते. त्यांनी दोघांना आत बोलावले, उतारा उजेडाकडे धरून पाहिला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“आमचा कागद याहून मोठा असतो.”

“हो साहेब,” पुठ्ठेकाका उत्साहाने म्हणाले. “तीन बाजूंनी थोडा थोडा कापलाय. कडा वाकडी होती तुमची.”

सूनबाई सांगतात, त्या क्षणी त्यांना जमीन दुभंगावी असे वाटले. अधिकारी मात्र खुर्चीत मागे रेलले. “म्हणजे तुम्ही मोहोरबंद पाकीट उघडलंत, अधिकृत कागद कापलात, आणि हे मला स्वतःच सांगताय?”

“मग कोण सांगणार? ही कशी सांगेल? हिनं केलंच नाही काही.” ते मेजाजवळ सरकले. “साहेब, हिच्या वडिलांना मी शब्द दिला होता, हिचं शिक्षण माझ्या घरात अडणार नाही म्हणून. अडलं ते माझ्याच हातानं. मला काय शिक्षा असेल ती द्या. हिला पाकीट द्या.”

अधिकाऱ्यांनी ग्रंथ मेजावर ठेवला. ते म्हणाले, “शिक्षा द्यायचं खातं आमच्याकडे नाही. पण नियम आहे. जुना उतारा परत घेतल्याशिवाय मला नवा देता येत नाही. हा कागद यातून काढून द्यावा लागेल.”

सुनेने ग्रंथाकडे पाहिले. तिला वाटले, आता सगळी शिवण उसवावी लागणार. सासऱ्यांचे इतके सुंदर काम तिने आजवर पाहिले नव्हते आणि ते आता या मेजावर, परक्या माणसांदेखत मोडायचे होते. ती म्हणाली, “साहेब, दुसरा काही मार्ग...”

पुठ्ठेकाकांनी तिला पुरे बोलू दिले नाही. खिशातली छोटी सुरी काढली, ग्रंथ उघडून उताऱ्याच्या पानाशी आणला, डावा तळवा पट्टीवर दाबला आणि एका हलक्या रेघेत कागद पट्टीपासून अलग केला. बाकीचे एकही पान हलले नाही. कापलेली कडा त्यांनी सवयीने निरखली, सरळ होती, आणि मग कागद दोन्ही हातांनी अधिकाऱ्यांपुढे धरला. ग्रंथात त्या जागी बोटभर रुंदीची रिकामी पट्टी तेवढी उरली.

दुपारी नवा उतारा टंकला गेला. सही झाली. बाईंनी तो पाकिटात घातला, आणि घालण्यापूर्वी क्षणभर थांबून, पुठ्ठेकाकांकडे पाहून, तीनऐवजी एकच घडी घातली. त्यासाठी मोठे पाकीट शोधायला त्या आतल्या खोलीत जाऊन आल्या होत्या. मोहोर उमटवताना म्हणाल्या, “काका, आता घरात वाफ करायची नाही हं. भातसुद्धा बाहेर शिजवा.”

परतीच्या बसमध्ये सुनेने पाकीट त्यांच्या हाती देऊ केले. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घालून घेतले.

“तूच धर. या हातांचा आज भरवसा नाही मला.”

“मामंजी, एवढं काय!”

“अगं, कोपरा दुमडलाय त्याचा. मला दिसतोय. धर तू.”

ती इतकी हसली की पुढच्या बाकावरची माणसे वळून पाहू लागली. मग त्यांनाही हसू आले.

मुदतीच्या आत पाकीट खिडकीत पोचले. कारकुनांनी ते सगळ्यांदेखत फाडले, “हे असं उघडायचं असतं,” असे सुनेबरोबर आलेल्या पुठ्ठेकाकांना उद्देशून म्हटले, आणि सूनबाईंना शेवटच्या वर्षाला प्रवेश मिळाला. एक विषय दोन्हीकडे जुळत नव्हता, तो तेवढा जादा घ्यावा लागला. त्याचा अभ्यास त्या दुकानातल्या मेजाच्या टोकाला बसून करीत. एका बाजूला समीकरणे, दुसऱ्या बाजूला खळ. मी पुस्तके घेऊन जाई तेव्हा पुठ्ठेकाका ओठांवर बोट ठेवून मला उंबऱ्यातच थांबवत. एका ग्राहकाने विचारले, “काय हो, दुकान आहे की शाळा?” त्यावर म्हणाले, “सध्या शाळा. परीक्षेनंतर या.”

निकाल लागला. गुणपत्रिका हाती आल्यावर सूनबाईंनी ती आधी सासऱ्यांना दिली. त्यांनी हात साबणाने धुतले, पुसले, आणि मग विचारले, “ही मूळ प्रत की जादाची? कुणाला द्यायची आहे का कुठं? मागं काही लिहिलंय का बघ.” सगळी खात्री झाल्यावरच ती ग्रंथातल्या मोकळ्या पट्टीवर लागली. या वेळी कडा कापली नाही. वाकडी होती म्हणे. ती तशीच राहिली.

तेव्हाच सुनेने सुचवले की त्या पहिल्या रिकाम्या पट्टीवर उताऱ्याची साधी प्रत लावून टाकावी, उगाच भोक पडल्यासारखे दिसते. पुठ्ठेकाका नको म्हणाले. “राहू दे तशीच. मी वाचायच्या आधी कापलं, ते मला दिसलेलं बरं.” त्यांनी हे दुःखाने म्हटले नव्हते. गुण्या भिंतीवर असतो तशी ती पट्टी ग्रंथात असावी, इतक्या साधेपणाने म्हटले होते. त्यानंतर कुणाचेही काम हाती घेताना ते आधी चष्मा लावीत आणि पहिले पान, मागचे पान वाचून काढीत. माझ्याही पुस्तकांची काढली. पुढे तर पहिल्या पानावरून त्यांना पुस्तकाचीच गोडी लागे, बांधून द्यायला उशीर होई, आणि मी विचारले की संकोचून म्हणत, “बांधून झालंय हो, वाचून व्हायचंय.” ज्या मनुष्याला आयुष्यभर सवड मिळाली नव्हती, त्याला ती अशी मिळाली. उशिराबद्दल मी कधी तक्रार केली नाही. उलट नंतर नंतर तर जी त्यांना आवडतील अशीच पुस्तके मी बांधायला नेऊ लागलो.

सूनबाई पुढे शिक्षिका झाल्या. वर्गात मधूनच नवी येणारी मुले असतात, दुसऱ्या शाळेतून, दुसऱ्या गावातून, अर्धा अभ्यासक्रम झालेला, अर्धा राहिलेला. त्यांना त्या कधी ‘आधी कुठं शिकलास?’ असे दरडावून विचारीत नाहीत. शेजारी बसवून म्हणतात, “तुझं कुठपर्यंत झालंय? तिथून शिवू.” हा शब्द कुठला, हे त्या मुलांना माहीत नाही.

पुठ्ठेकाकांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. शेवटच्या आजारात ते मुलगा-सुनेच्या नव्या घरी होते. त्यांचे अंथरूण ती रोज स्वतः घालत असे, आणि चादरीचा कोपरा सरळ झाला की मगच त्यांना निजवत असे. दुकानाच्या खोलीत आज दुसरेच कुणी राहते. दाबयंत्र एका छापखान्याने नेले. गुण्या माझ्याकडे आहे.

निळा ग्रंथ सूनबाईंच्या कपाटात आहे. त्यात त्यांची पदवी आहे, तिच्यापुढची पदवी आहे, नेमणुकीचा कागद आहे. शेवटच्या सगळ्या पट्ट्या भरल्या आहेत. सुरुवातीची एक रिकामी आहे.